कहाणीला उपाशी माणूस

नात्यातल्या मृणालचं लग्न झालं ते साल २०२५. एप्रिलात कोलार रोडच्या एका हॉलमध्ये लग्न लागलं. तरुणांसाठी बुफे होता, पण म्हाताऱ्या माणसांसाठी एक पंगत मुद्दाम मांडली होती. त्या पंगतीत जिलबीचा दुसरा आग्रह चालू असताना कमलिनीबाईंचा उजवा हात पानावर तसाच पडून राहिला. वाढप्याला वाटलं, म्हातारी नको म्हणत नाही म्हणजे हवी असणार. तो आणखी दोन वाढून गेला. शेजारी बसलेल्या धाकट्या जाऊबाईंनी, म्हणजे शशिकलाबाईंनी, वळून पाहिलं तेव्हा कमलिनीबाईंचं अर्धं तोंड हसत होतं आणि उरलेलं अर्धं काहीच करत नव्हतं.

अर्धांगाचा झटका. दहा दिवस दवाखाना झाला आणि त्या घरी आल्या. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. जिभेचा तिखटपणा मात्र दवाखान्यात राहिला नाही, तो बरोबर घरी आला.

दोघी सख्ख्या जावा. थोरले केशवराव नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेल्या घरातले, सचिवालयात कारकून. धाकटे काशिनाथराव अवधपुरीजवळच्या कारखान्यात फिटर. दोघेही भाऊ केव्हाच गेले. कमलिनीबाईंना मूलबाळ नव्हतं. शशिकलाबाईंचा आशिष दोघींनी मिळून वाढवला, आणि आता दोघी त्याच्याच घरी राहत होत्या. शशिकलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना सही येत नव्हती. त्या पन्नाशीला टेकल्यावर कमलिनीबाईंनीच त्यांना परातीत कणीक पसरून अक्षरं शिकवली. चुकलं की ती कणीक मळायला घ्यायची, त्यामुळे त्या घराने पुष्कळ चुका पोळ्या करून खाल्ल्या.

पण कहाणीला अक्षरं लागत नाहीत. श्रावणातल्या सोमवारची त्यांच्या घरची एक वेगळी कहाणी होती. ती कुठल्या पोथीत नव्हती, सासूबाईंच्या तोंडातून शशिकलाबाईंच्या तोंडात आली होती. नियम असे: सांगणारी उपाशी, ऐकणारी उपाशी. ऐकणारीच्या मुठीत तांदळाचे सहा दाणे. मध्ये मध्ये तिने हुंकार द्यायचा. कहाणी संपली की तीन दाणे हिचे, तीन तिचे. मग संध्याकाळी सोमवार सोडायचा. कहाणी झाल्याशिवाय सांगणारीच्या पोटात घास जाता कामा नये. बावन्न श्रावण शशिकलाबाई सांगत होत्या आणि कमलिनीबाई ऐकत होत्या. एकही सोमवार चुकला नव्हता.

आता डॉक्टरांनी लिहून दिलं, जेवण एक वाजता, लगेच गोळ्या, उपास कायमचे बंद. श्रावणाच्या आदल्या आठवड्यात कमलिनीबाईंनी जावेला पलंगाजवळ बोलावलं.

"मी आता उपाशी राहू शकत नाही. म्हणजे ऐकणारी मी नाही. दुसरी शोध."

"एक वर्ष राहू द्या ना वहिनी. देवाला कळतं सगळं."

"देवाला कळेल. सासूबाईंना नाही कळणार."

शशिकलाबाईंनी पुष्कळ समजावलं. कमलिनीबाईंनी शेवटी डावा हात वर करून सांगितलं, की खऱ्या उपाशी माणसाने कहाणी ऐकल्याशिवाय सोमवारी दुपारी मी तोंड उघडायची नाही, गोळीला नाही आणि घासालाही नाही. आणि खोटं सांगू नकोस, मला लगेच कळतं.

ते खरंच होतं. शशिकलाबाई खोटं बोलायला लागल्या की जागेवर असलेला पदर पुन्हा सारखा करायच्या. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांनाच तेवढं ठाऊक नव्हतं.

सूनबाई अश्विनी महाराणा प्रताप नगरातल्या एका कोचिंगमध्ये गणित शिकवायची. तिने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, पाऊण तास इकडे तिकडे चालेल, त्याहून जास्त नाही, साखर उतरली तर पुन्हा भरती करावं लागेल. म्हणजे हे लाड नव्हते. सोमवारी दीड-पावणेदोनच्या आत कोलार रोडवर एक उपाशी माणूस हवा होता.

आणि उपाशी माणूस मिळेना.

अश्विनी सकाळी सातला पोहे खाऊन जायची. आशिषला उपाशीपोटी पित्त व्हायचं. वरच्या मजल्यावरच्या तिवारीण सावन पाळायच्या, त्या म्हणाल्या, अम्मा, मैं सुन लूँगी. शशिकलाबाई खूश होऊन वर गेल्या, तर तिवारणीच्या पुढ्यात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे पापड, शिंगाड्याचा शिरा आणि केळ्याचे चिप्स. एवढं त्या एरवीच्या दिवशीही खात नसत. सासूबाईंच्या हिशेबात फराळ करणारी ही जेवलेलीच. शशिकलाबाई पापड खाऊन... म्हणजे पापड न खाता, नुसता मोडून परत आल्या.

त्याच आठवड्यात रविवारी मंडळाची सभा होती. भोपाळातल्या मराठी लोकांच्या त्या मंडळाचे अध्यक्ष अनंतराव, सचिवालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी बोलताना मध्येच 'वरील विषयान्वये' म्हणायचे. त्यांनी सांगितलं, की जवळच्या सरकारी शाळेने आठवड्यातून एक तास फुकट द्यायला तयार असलेली जाणती माणसं मागितली आहेत. आपण ही संधी घेऊन मुलांना धर्म शिकवावा. त्यासाठी त्यांनी स्वतः बत्तीस पानांची एक पुस्तिका तयार केली होती. पहिला धडा 'धर्म म्हणजे काय', दुसरा 'धर्माची दहा लक्षणे', बत्तिसाव्या पानावर स्वाध्याय. कोण जाणार, असं त्यांनी विचारलं, आणि सगळ्या सभेला एकदम आपापले गुडघे आठवले.

शशिकलाबाईंनी विचारलं, "मुलांना जेवण किती वाजता देतात?"

"दीडला. तो आपला विषय नाही."

"आणि आपला तास?"

"साडेबारा ते दीड. पण ताई, हे शिकवायचं काम आहे. पुस्तिका वाचावी लागेल."

"वाचीन की. बोट ठेवून वाचते, पण वाचते. मी जाईन. सोमवारी."

असं बोलताना त्यांचा चेहरा इतका उजळला, की अनंतरावांना वाटलं, धर्मकार्याची तळमळ म्हणतात ती हीच. त्यांनी इतिवृत्तात तसं लिहूनही घेतलं. जेवणाआधीचा तास, आणि शाळाभर भुकेली पोरं. शशिकलाबाईंना हसू आवरेना. बावन्न वर्षं त्या पाटावर बसून तांदूळ निवडत आल्या होत्या, आता नुसतं माणूस निवडायचं होतं.

२८ जुलैला, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, त्या रिक्षाने शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका नुसरत मॅडम, पन्नाशीच्या, सडपातळ, चष्मा केसांवर चढवलेला. त्यांनी पुस्तिका घेतली, दोन पानं वाचली, मिटली आणि टेबलावरच्या हजेरीपटाखाली सरकवून ठेवली.

"अम्मा, ये सरकारी स्कूल है," त्या म्हणाल्या. "यहाँ किसी का मज़हब नहीं पढ़ाया जाता. न आपका, न मेरा. ऊपर से यही क़ायदा है, और मुझे ख़ुद भी यही ठीक लगता है. टीका नहीं, आरती नहीं, भगवान का नाम नहीं. कहानी सुनाइए, बस."

शशिकलाबाईंना नेमकं हेच हवं होतं. त्या इतक्या पटकन 'जी' म्हणाल्या, की नुसरत मॅडमना संशय आला.

"थैली में क्या है?"

"चावल. गिनती सिखाने को," शशिकलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर सारखा केला.

वर्गात तेवीस पोरं. शेजारच्या खोलीत डाळ उकळत होती, तिचा वास खिडकीतून सरळ आत यायचा. शशिकलाबाईंनी पहिला प्रश्न विचारला, सकाळपासून कोणी काहीच खाल्लं नाही? तेवीसच्या तेवीस हात वर. त्यांनी प्रत्येकाला जीभ दाखवायला लावली. एकीच्या जिभेवर लाल गोळीचा रंग, एकाच्या दाताला बिस्किट, एकाने तोंड उघडलं तर कांद्याचा भपकारा. चौदा गळले. उरलेल्या नऊ जणांच्या जिभा कोरड्या पांढऱ्या होत्या. शशिकलाबाई त्या नऊ जिभांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ज्याने खाल्लं नाही तो पुढे बसेल.

नऊ जण पुढच्या सतरंजीवर बसले, प्रत्येकाच्या मुठीत सहा दाणे. आणि त्यांनी कहाणी सुरू केली.

एक होता राजा. त्याने ठरवलं, देवाला सव्वा खंडी भाताचा नैवेद्य दाखवायचा. पण देवाचं नाव घ्यायचं नव्हतं. शशिकलाबाई क्षणभर अडल्या आणि म्हणाल्या, एका म्हाताऱ्या बाबाला जेवायला बोलावलं. दवंडी पिटली, बाबा जेवेपर्यंत नगरात कोणी चूल पेटवायची नाही. भात शिजला, त्याचा डोंगर झाला. बाबा काही येईना. एक दिवस गेला, दोन गेले. गावाच्या टोकाला एक बाई होती, तिचं पोर रडत होतं. तिच्याकडे तांदळाचे सहा दाणे उरले होते. तिने दार लावलं आणि चूल पेटवली. तीन दाणे पोराला, तीन आपल्याला. राजाच्या शिपायांनी धूर पाहिला...

"गैस पे बनाती तो धुआँ नहीं दिखता," पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली.

शशिकलाबाईंच्या सासूबाईंना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी विचार करून सांगितलं, की धूर नाही, फोडणीचा वास आला. ते पोरांना पटलं. शेजारी डाळीला फोडणी बसतच होती. मग शिपाई धावले, राजा धावला, दार उघडलं, तर तो म्हातारा बाबा त्या बाईच्या चुलीपुढे बसून भांड्याला लागलेली खरवड चाटून खात होता.

बाबा कोण, असं शशिकलाबाईंनी विचारलं नाही, पण पोरांनी आपणहून सांगितलं. एक म्हणाला शंकरजी. एक म्हणाली, हमारे मोहल्ले वाले पीर बाबा. एकजण ठामपणे म्हणाला, मेरे नाना हैं, वो भी बर्तन चाटते हैं. शशिकलाबाईंनी सगळ्यांना हो म्हटलं. नुसरत मॅडम दारात उभ्या होत्या, त्या शेवटपर्यंत गेल्या नाहीत.

पावणेदोनला शशिकलाबाई घरी पोचल्या. कमलिनीबाई तोंड मिटून बसल्या होत्या.

"कोणी ऐकली?"

"नऊ जणांनी. जिभा बघून घेतल्या."

पदर जागच्या जागी होता. कमलिनीबाईंनी तो पाहिला आणि तोंड उघडलं. घास गिळता गिळता म्हणाल्या, मला एकटीला बावन्न वर्षं सांगितलीस, आता एकदम नऊ. चढती कमान आहे तुझी.

दुसरा सोमवारही तसाच झाला. जिभा पाहिल्या, दाणे वाटले, बाबाने खरवड चाटली. पण पुढच्या सतरंजीवर बसायला मिळतं म्हणून खोटं उपाशी राहणारं त्यात कोणी नव्हतं. तेच नऊ जण होते. शशिकलाबाई रिक्षात बसल्या तरी त्यांच्या डोळ्यांपुढे त्या जिभाच येत राहिल्या. ज्याच्यामुळे आपलं काम सोपं झालं, ते त्यांना गोड लागेना. रात्री भाकरी थापताना अश्विनीला म्हणाल्या, पोरं रोज तशीच येतात गं, नेमधर्म काही नाही, घरात सकाळी काही नसतंच.

अश्विनी गणिताची बाई. तिने मंडळाच्या मोबाइलवरच्या गटावर चार ओळी लिहिल्या. अनंतरावांना तर हेच हवं होतं. त्यांनी 'वरील विषयान्वये' तातडीची सभा घेतली आणि ठरवलं, की दर सोमवारी सकाळी साडेदहाला मंडळातर्फे सर्व मुलांना अल्पोपहार. फलक रंगवला, फोटोवाला सांगितला. मुहूर्त ११ ऑगस्ट, सोमवार. शशिकलाबाईंनी त्यासाठी स्वतः तीन किलो पोहे निवडून दिले, आणि पोहे निवडताना त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नाही, की आपण काय करतोय.

ते त्यांना ११ तारखेला साडेबारा वाजता कळलं. वर्गाच्या दाराशीच. पोरं ढेकरा देत होती. पोहे, वर शेव, वर जिलबी. भोपाळात सकाळच्या खाण्यात याला तोड नाही. पुढच्या सतरंजीवरची ती मुलगी अभिमानाने म्हणाली, अम्मा, मैंने तीन बार लिया. जीभ दाखवली, तर जिलबीच्या पाकाने केशरी झालेली.

शशिकलाबाईंनी तांदळाच्या पिशवीचं तोंड मिटलं. मग त्यांना सुचलं. शाळेतल्या तिन्ही शिक्षिका सोमवार धरायच्या, आणि कडक धरायच्या. त्या धावत शिक्षकांच्या खोलीत गेल्या. तिथे तिघींच्या पुढ्यात प्लेटा. एकजण हात धुता धुता म्हणाली, "अरे अम्मा, सावन तो राखी पर पूरा हो गया. परसों ही तो राखी थी."

बावन्न वर्षं भोपाळात काढली, पण घरातला श्रावण नागपूरकडचा आणि दाराबाहेरचा सावन इकडचा, हे त्या ऐनवेळी विसरल्या. इकडचा पौर्णिमेला संपतो. आपला त्या दिवशी अर्ध्यावर असतो. दरवर्षी या एका गोष्टीवरून शेजारणींशी हसून बोलणं व्हायचं आणि दरवर्षी त्या नव्याने चकित व्हायच्या.

तेवढ्यात अश्विनीचा फोन आला. सुट्टी घेऊन ती घरी थांबली होती. मोठ्या आई तोंड मिटून बसल्यात, ती म्हणाली, मशीनवर साखर पाहिली, उतरायला लागलीय. आई, किती वेळ लागेल?

इकडे अनंतराव वर्गात उभे होते. फोटोवाला आला होता, तेव्हा मुलांना धर्म कितपत समजला हे त्यांना तपासायचं होतं. त्यांनी हिंदीत विचारलं, धर्म म्हणजे काय? पुन्हा विचारलं. मग ती तीन वेळा पोहे घेतलेली मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "जिसने नहीं खाया, वो आगे बैठेगा." अनंतरावांनी पुस्तिकेच्या पहिल्या धड्यात हे उत्तर शोधलं. सापडलं नाही. तरी वहीत 'समाधानकारक' असं लिहिलं, कारण फोटोवाला बघत होता.

शशिकलाबाई व्हरांड्यात आल्या. एक वाजून दहा मिनिटं. नुसरत मॅडमच्या टेबलावर पोह्यांची प्लेट होती, वर जिलबी, कोणी हात न लावलेली. त्यांनी सवयीने विचारलं, मॅडम, आपने नहीं खाया?

मॅडम म्हणाल्या, नाही. रमज़ानमध्ये काही रोज़े सुटले होते, ते आता सोमवार-गुरुवार पुरे करतेय. मंडळाला वाईट वाटू नये म्हणून प्लेट ठेवून घेतली, नंतर शिपाई खाईल.

"कब से?"

"सुबह अँधेरे से."

"पानी?"

"पानी भी नहीं, अम्मा. थूक निगल लेती हूँ, बस."

शशिकलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की नुसरत मॅडमनी चष्मा केसांवरून डोळ्यांवर घेतला. मग शशिकलाबाईंनी सगळं खरं सांगून टाकलं. कहाणी, सहा दाणे, सासूबाई, पलंगावर तोंड मिटून बसलेली जाऊ, उतरणारी साखर. पहिल्या दिवशी तांदूळ मोजणी शिकवायला आणले नव्हते, हेही.

नुसरत मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, शाळेत बसून मी हे करणार नाही. क़ायदा मीच सांगितला होता.

"क़ायदा बच्चों के लिए. आप बच्ची हो क्या?"

"दीवारें तो सरकार की हैं."

"तो फाटक के बाहर चलो. बाहर किसका है?"

नुसरत मॅडम उठल्या. फाटकाबाहेर एक पंक्चरवाला बसायचा, तो जेवायला गेला होता. त्याच्या लाकडी खोक्यावर त्या बसल्या, शशिकलाबाई समोरच्या टायरवर. मुठीत सहा दाणे दिले. सांगितलं, मध्ये मध्ये हूँ म्हणायचं.

अनंतराव मागोमाग आलेच. त्यांनी काय चाललंय ते पाहिलं आणि मराठीत, खालच्या आवाजात म्हणाले, की ताई, हे शास्त्रात बसत नाही. सोमवारची कहाणी, आणि ऐकायला या?

"नियमात उपाशी माणूस म्हटलंय, अनंतराव. कोण ते म्हटलेलं नाही. तुम्ही सकाळपासून काय खाल्लं?"

अनंतरावांच्या मिशीत शेव अडकली होती. ते बाजूला झाले, आणि फोटोवाल्याला म्हणाले, हा फोटो नको.

शशिकलाबाईंनी कहाणी सांगितली. या वेळी राजाला घाई होती, कारण पावणेदोन वाजत आले होते. तरी काही गाळलं नाही. नुसरत मॅडम पहिल्यांदा अवघडून 'हूँ' म्हणाल्या, मग जरा मोकळेपणाने, आणि शिपाई दार ठोठावतात तिथे आल्यावर हूँ म्हणायचं विसरून "फिर?" म्हणाल्या. म्हातारा खरवड चाटत होता तिथे कहाणी संपली. त्यांनी मूठ उघडून तीन दाणे परत दिले. उरलेले तीन रुमालाच्या टोकाला बांधले.

घरी पोचेपर्यंत एक पंचावन्न झाले होते. कमलिनीबाईंच्या कपाळावर घाम होता. अश्विनी वाटी घेऊन उभी होती.

"कोणी ऐकली?"

शशिकलाबाईंना धाप लागली होती. खोटं बोलायची सोय नव्हती, आणि खरं बोलून म्हातारी भडकली तर आज काही खरं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, पदराला हात लागू नये म्हणून.

"शाळेच्या मोठ्या बाईंनी. मुसलमान आहेत. रोजा होता त्यांचा."

कमलिनीबाईंनी पदराकडे पाहिलं.

"पाणी प्यायल्या होत्या?"

"पहाटेपासून थेंब नाही."

"चहा?"

"वहिनी, थुंकी गिळली तेवढीच."

कमलिनीबाईंनी अश्विनीकडे वळून तोंड उघडलं. दोन घास झाल्यावर, गोळी गिळल्यावर म्हणाल्या, "आपल्यापेक्षा कडक आहेत. पुढच्या सोमवारी त्यांना घरी बोलाव. मी दुपारी मुकाट्याने जेवीन. संध्याकाळी माझ्यासमोर सांग."

१८ ऑगस्टला नुसरत मॅडम शाळा सुटल्यावर स्कूटी घेऊन आल्या, एका डबीत चार खजूर घेऊन. श्रावणी सोमवारही दिवस मावळताना सोडायचा आणि रोजाही तेव्हाच, त्यामुळे कोणालाच कोणासाठी थांबावं लागणार नव्हतं. पलंगाजवळ दोन पाट मांडले. कमलिनीबाईंच्या पाठीला उशा लावल्या. शशिकलाबाईंनी कहाणी सांगितली, मॅडमनी हुंकार दिले, आणि मध्येच, गॅसवर केलं असतं तर धूर दिसला नसता, असं कमलिनीबाई म्हणाल्या. शशिकलाबाईंना वाटलं, पोरं इथवर पोचली की काय. पण ते त्यांचं स्वतःचंच होतं.

तीन दाणे हिचे, तीन तिचे. बाहेर दिवस मावळायला दहा मिनिटं होती. कमलिनीबाईंनी जावेला हाक मारली.

"शशी, एक सांगायचंय. बाईंनाही कळेल असं हिंदीत सांगते. मैं कभी भूखी नहीं थी."

"म्हणजे?"

"सोमवारी चारच्या सुमारास मी कोठीत जायचे ना, तूप काढायला. तिथे गव्हाच्या कणगीमागे डबा होता. शेंगदाणे आणि गूळ. बावन्न वर्षं."

नुसरत मॅडमनी मान खाली घातली. शशिकलाबाईंना वाटलं, त्यांना वाईट वाटलं. पाहिलं तर त्यांचे खांदे हलत होते. हसू दाबता दाबता रुमाल तोंडात कोंबला होता.

"आणि मला चार महिने गावभर उपाशी माणूस शोधायला लावलंत?"

"तीन आठवडे. फुगवून सांगू नको. म्हटलं, जायच्या आधी एकदा तरी कहाणीला खरा उपाशी माणूस मिळू दे. वर सासूबाई भेटतील. विचारतील."

शशिकलाबाई रागावायच्या बेतात होत्या. पण त्यांनाही एक गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यावर रागावणं जमेना. चुलीवर भाजी असायची तेव्हा त्या राजाच्या दवंडीपासून सरळ बाईच्या दारापर्यंत यायच्या, मधले दोन दिवस गाळून. कितीतरी श्रावण. त्यांनी ते सांगितलं.

"ठाऊक होतं," कमलिनीबाई म्हणाल्या. "पोट भरलेलं असलं की कान चांगले चालतात."

मशिदीतून अजान आली. नुसरत मॅडमनी खजूर तोडला, शशिकलाबाईंनी भाताचा पहिला घास घेतला. कोणाचं लक्ष नाही असं पाहून कमलिनीबाईंनी डाव्या हाताने डबीतला एक खजूर उचलला आणि तोंडात टाकला. अश्विनी ओरडली तेव्हा बीसुद्धा आतच होती.

कमलिनीबाई ११ सप्टेंबर २०२५, गुरुवारी सकाळी साडेसातला, घरीच वारल्या. वय सत्त्याहत्तर.